केंद्रात ‘टाकण्या’आधी : वाचकांचे प्रश्न

तरुण मुलांच्या व्यसनाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बहुतेक पत्रांतली मागणी सारखीच आहे : एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राचा खात्रीचा पत्ता द्या, म्हणजे मुलाला तिथे ठेवू आणि तो बरा होऊन घरी येईल. पत्ता देता येतो. मात्र तिथला मुक्काम संपल्यावर पुढचे वर्षभर त्या मुलाच्या सोबतीला कोण असणार, हे जवळजवळ कोणीच विचारलेले नाही, म्हणून उत्तरांचा बराचसा भाग त्यावरच खर्च झाला आहे.

आदरणीय ताई, माझा मुलगा वीस वर्षांचा असून कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून तो एमडी घेतो, हे आम्हांला अलीकडे कळले. रात्ररात्र जागतो, मग दोन-दोन दिवस झोपून राहतो. घरातले पैसे गेले, माझी एक बांगडीही गेली. माझ्या भावाने मुंबईबाहेरच्या एका केंद्राची चौकशी केली आहे. त्यांची माणसे पहाटे गाडी घेऊन येतात, मुलाला उचलून नेतात आणि तीन महिने कोणाला भेटू देत नाहीत. भाऊ म्हणतो, हे नको असेल तर पोलिसांत दे, एकदा लॉकअप पाहिला की सुतासारखा सरळ होईल. मी काय करू?
— एक आई, भांडुप

दोन्ही करू नका. तुमच्या भावाची तळमळ मला कळते, परंतु ज्या मुलाला झोपेतून उठवून अनोळखी माणसे गाडीत कोंबतात, त्याचा उपचारावरचा आणि त्याहून अधिक तुमच्यावरचा विश्वास त्या पहाटेच संपतो. पुढे खरोखरच गरज पडली तरी तो दवाखान्याच्या पायरीवर उभा राहत नाही. शिवाय हे कायद्यातही बसत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक विकारांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. त्यामुळे असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे, रुग्णाला साखळीने न बांधणे, त्याचे सक्तीने मुंडण न करणे, त्याच्याकडून बळजबरीने काम करून न घेणे ही बंधने तिच्यावर येतात. सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करता येते, पण केव्हा? तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याइतकेही भान त्याला उरले नसेल, तेव्हा. आणि तेही मानसोपचारतज्ज्ञासह दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासल्यावर, पहिल्या खेपेस जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी. गाडी घेऊन येणाऱ्या चार धट्ट्याकट्ट्या माणसांना हा अधिकार कोणी दिलेला नाही.

पोलिसांविषयी. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, 2015 पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे आणि त्याचे सेवन हाही गुन्हा आहे. धाक दाखवण्यापुरती तक्रार असा काही प्रकार नसतो. गुन्हा नोंदला गेला की तो तुमच्या हातात राहत नाही, आणि नोकरी, पासपोर्ट अशा प्रत्येक टप्प्यावर पुढे येतो. याच 1985 च्या कायद्यात कलम 64-क आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातला गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती जर आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊ लागली, तर तिच्यावरचा खटला त्या कलमाने टळतो. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. अनेक पालकांना, आणि मुलांना तर नक्कीच, हे माहीत नसते. ‘दवाखान्यात गेलो की पोलिसांना कळवतील’ या भीतीपायी कितीतरी मुले कुठेच जात नाहीत.

आता काय करायचे. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक आणि भायखळ्याचे जे. जे. या चारही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दाखवता येते. मुलाला ‘तू व्यसनी आहेस, चल’ असे म्हणून तो येणार नाही. त्याची स्वतःची तक्रार कोणती आहे ते पाहा. एमडी घेणाऱ्या मुलांना झोप नाही, छातीत धडधडते, दात-जबडा आवळला जातो, वजन उतरते, कोणीतरी मागावर आहे असे वाटत राहते. आणि पदार्थ उतरल्यावर जी उदासी येते तिचा त्यांना स्वतःलाच धसका बसलेला असतो. ‘झोपेसाठी एकदा दाखवून येऊ’ हे वाक्य पुष्कळदा पुरते. हे बोलणेही तो झोपून उठल्यावर, पोटात दोन घास गेल्यावर काढावे. रात्री दोन वाजता तो डोळे तारवटून घरात शिरतो, ती वेळ नव्हे.

डॉक्टरांकडून गोळीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. दारू किंवा ब्राउन शुगरसाठी जशी औषधे आहेत, तसे मेफेड्रोनची ओढ थांबवणारे खास औषध आज उपलब्ध नाही. झोप, नैराश्य, संशय यांवर औषधे देतात, आणि ती लागतातही. मुख्य काम समुपदेशनाचे असते, म्हणजे ओढ कधी येते, कोणाच्या फोननंतर येते, पैसे हातात पडले की येते का, हे मुलाने स्वतः ओळखायला शिकायचे आणि त्या घटकेला काय करायचे ते आधी ठरवून ठेवायचे. हे काही आठवड्यांत होत नाही.

तो नाहीच आला, तर तुम्ही एकट्या जा. घरच्यांशी काम करून रुग्णाला उपचारांपर्यंत आणण्याची पद्धत चांगली विकसित झालेली आहे आणि ती भांडणापेक्षा किंवा लाडीगोडीपेक्षा अधिक वेळा यशस्वी ठरते. तिचा गाभा असा, की तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याबरोबर जेवा, बोला, क्रिकेटची मॅच पाहा. तो घेऊन आलेला असेल तेव्हा शांतपणे बाजूला व्हा, वाद घालू नका. आणि त्याने केलेले नुकसान झाकू नका. शेजाऱ्यांकडून घेतलेले पैसे तुम्ही परत करायचे नाहीत. कॉलेजची फी थेट कॉलेजात भरा, हातात रोख देऊ नका. तो मरणाची भाषा बोलू लागला, कोणी मारायला येत आहे असे समजून दाराला कड्या घालू लागला, किंवा छातीत दुखते म्हणाला, तर मात्र वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.

दाखल करण्याची वेळ आली तर केंद्राला विचारा : नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवाल का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, आम्ही भेटायला कधी यायचे, राहण्याची जागा आणि स्वयंपाकघर पाहता येईल का, आणि घरी सोडल्यावर तुमचे पुढचे वर्षभराचे काम काय? शेवटच्या प्रश्नाला ‘मग तो बराच होतो ना’ असे उत्तर मिळाले, तर तिथून परत फिरा. महाराष्ट्रात या क्षेत्रात चांगले काम नाही असे मुळीच नाही. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण, किंवा फादर ज्यो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्यात सुरू केलेले कृपा फाउंडेशन यांनी दार उघडे ठेवून, घरच्यांना सोबत घेऊन उपचार होऊ शकतात हे कित्येक वर्षे दाखवून दिले आहे.

तुम्ही पत्रात स्वतःविषयी एक ओळही लिहिलेली नाही. व्यसनी व्यक्तींच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आणि नार-अनॉन हे स्वमदत गट आहेत. मुलगा उपचार घेवो न घेवो, तुम्ही तिथे जाऊ शकता. बांगडी गेल्याचे तुम्ही अजून नवऱ्याला सांगितले नसेल, असा माझा अंदाज आहे. ते तिथे सांगता येते.

माझा तेवीस वर्षांचा भाऊ रोज पितो. लोकलच्या डब्यात ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात चिकटवलेली असते. आईने फोन करून ती पावडर मागवली आहे आणि ती आमटीत कालवून देणार आहे. चालेल का?
— एक बहीण, कुर्ला

नाही. ती पुडी आजच फेकून द्या. अशा पुड्यांत काय असते हे पाकिटावर लिहिलेले नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो प्यायला, तर चेहरा लाल होणे, जोराच्या उलट्या, रक्तदाब कोसळणे असे होऊन जिवावर बेतू शकते. हे औषध डॉक्टरही देतात, पण रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीने. आणखी एक, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करायला लावू नका. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रमिष्टासारखी अवस्था होऊ शकते. ते काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत.

मी चोवीस वर्षांचा आहे. चार वर्षे ब्राउन शुगर ओढत होतो. आता रुग्णालयातून जिभेखाली ठेवायची गोळी रोज मिळते, टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) लागत नाही, कुरिअर कंपनीत कामाला लागलो आहे. संध्याकाळी एन. ए.च्या (नार्कोटिक्स अनॉनिमस या स्वमदत गटाच्या) मीटिंगला जातो. तिथे एक जुना मेंबर म्हणाला, ‘गोळी घेतोस म्हणजे तू क्लीन नाहीस, एक नशा सोडून दुसरी धरलीस.’ तेव्हापासून गोळी बंद करावी असे डोक्यात घोळते आहे.
— एक तरुण, लालबाग

गोळी बंद करू नका. तुम्हांला मिळते ती बहुधा ब्युप्रेनॉर्फिन असावी. मेंदूतील ज्या जागांवर हेरॉइन (ब्राउन शुगर किंवा गर्द हे त्याचेच रूप) काम करते त्याच जागांवर ती बसते, परंतु तिचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही. त्यामुळे ओढ आणि अंगदुखी थांबते, पण नशा चढत नाही, आणि माणूस सकाळी उठून कुरिअरची बॅग खांद्याला लावू शकतो. ‘एक सोडून दुसरी’ हे बोलायला सोपे आहे. कोणी पैशांसाठी घरातला गॅस सिलिंडर विकतो आहे आणि कोणी वेळेवर कामावर जातो आहे, या दोघांना एका तराजूत घालणारा युक्तिवाद मला मान्य नाही.

धोका कुठे आहे तो नीट समजून घ्या. काही आठवडे गर्द न ओढलेल्या शरीराची ती पचवण्याची ताकद कमी झालेली असते. अशा वेळी गोळी सोडून कोणी पुन्हा जुन्याच मापाने ओढले, तर श्वास मंदावतो आणि झोपेतच थांबू शकतो. केंद्रातून नुकतीच बाहेर पडलेली मुले दगावतात ती बहुधा अशीच. गोळी केव्हा कमी करायची हे डॉक्टरांबरोबर ठरवायचे असते आणि ते फार सावकाश करायचे असते; कित्येकांना ती वर्षानुवर्षे लागते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तिच्यासोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या मात्र अजिबात घेऊ नका.

आता त्या मीटिंगविषयी. नार्कोटिक्स अनॉनिमस ही चळवळ 1953 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिची मूळ घडण 1935 च्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसवरून घेतलेली. सभासद होण्यासाठी नशा सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे, त्यामुळे गोळी घेणाऱ्याला दारातून परत पाठवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पर्यायी औषधावर असलेल्यांनी शेअरिंग करावे की नुसते ऐकावे, याबाबत गटागटांत मतभेद आहेत आणि काही गट तुम्हांला फक्त ऐकायला सांगतील, हे मी लपवणार नाही. त्या जुन्या सभासदाचे म्हणणे हे त्याचे मत आहे. त्याची स्वतःची वाट गोळीशिवाय पार पडली असेल, त्याबद्दल त्याचा आदर ठेवावा. तुमचे प्रिस्क्रिप्शन त्याने लिहिलेले नाही. दारूच्या गटांच्या साहित्यात तर सभासदांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये असे स्पष्ट बजावलेले आहे.

मीटिंग सोडावी असेही मी म्हणत नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे तुमच्यासाठी दहा मिनिटे असतात. रात्री साडेनऊला, पगाराच्या दिवशी, चिवड्याच्या दुकानापाशी जुना दोस्त भेटतो आणि पाय तिकडे वळू लागतात, तेव्हा फोन कोणाला करायचा, ही गरज तिथेच भागते. त्या गटात मन रमत नसेल तर दुसरा गट शोधा. मुंबईत त्यांची संख्या कमी नाही, आणि प्रत्येक खोलीचा स्वभाव वेगळा असतो. ‘मी औषधावर आहे’ हे सगळ्यांसमोर सांगण्याची सक्ती नाही, पण स्पॉन्सर, म्हणजे तुम्हांला वाट दाखवणारा गटातला जुना सभासद, निवडाल तेव्हा त्याला ते पहिल्याच भेटीत सांगा. त्याने नाक मुरडले, तर तो तुमचा स्पॉन्सर होऊ शकत नाही.

मी एकवीस वर्षांची आहे, शिक्षणासाठी मुंबईत पीजीमध्ये राहते. झोपेसाठी म्हणून सुरू केलेल्या अल्प्राझोलमच्या गोळ्या आता दिवसाला पाच-सहा होतात, शनिवारी त्यावर दारूही. स्वमदत गटांबद्दल ऐकले आहे, पण तिथे सगळे पुरुष असतात, ख्रिस्ती प्रार्थना असते, असे मैत्रीण म्हणते. आणि डॉक्टरांकडे गेले तर ते साताऱ्याला माझ्या घरी कळवतील का?
— एक विद्यार्थिनी, अंधेरी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुम्ही सज्ञान आहात. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने डॉक्टरांवर घातले आहे; तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर तुमच्या परवानगीशिवाय ते साताऱ्याला फोन करू शकत नाहीत. तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट मात्र वेगळीच आहे : या गोळ्या एका दिवसात बंद करू नका. मन घट्ट करून गोळ्या कचऱ्यात टाकल्या असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात आणि तिसऱ्या दिवशी फिट येऊन पडतात. मानसोपचारतज्ज्ञ त्या टप्प्याटप्प्याने उतरवतात, त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर त्यांवर दारू घेऊ नका, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात. जायला धीर होत नसेल, तर आज रात्री 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा 14446 हाही क्रमांक निःशुल्क आहे.

मीटिंगमध्ये नेमके काय होते, ते सांगते. चर्चचा किंवा शाळेचा एखादा हॉल किंवा वर्ग संध्याकाळपुरता घेतलेला असतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात मांडतात. हजेरीपट नसतो, आडनाव कोणी विचारत नाही. सुरुवातीला कोणीतरी एक पान वाचून दाखवतो, मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, वस्ती पाहून. मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून आपल्याविषयी बोलतो. त्याला मधे कोणी तोडत नाही, आणि त्याचे बोलून झाल्यावर ‘तुझे हे चुकले’ असे म्हणत नाही. आपल्याकडच्या चारचौघांत हा शिष्टाचार इतका दुर्मीळ आहे, की पहिल्यांदा येणारा त्यानेच बुचकळ्यात पडतो. खर्चासाठी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात नव्याने आलेल्याने काही टाकावे अशी अपेक्षा नसते, आणि बाहेरची देणगी हे गट घेत नाहीत. एन. ए.मध्ये पहिल्या दिवशी मागाल तर पांढऱ्या रंगाचा किचेन मिळतो, तीस दिवसांनी नारिंगी, साठला हिरवा, नव्वदला लाल. टाळ्या वाजतात. हे बाहेरून पोरकट वाटते, हे मान्य; पण वयाच्या एकविसाव्या वर्षी, घरापासून दूर, कोणाला सांगता न येणारी गोष्ट एक महिना पाळल्याची दखल घेणारी दुसरी जागा मला तरी सुचत नाही. तुम्हांला पहिल्या दिवशी बोलायचे नसेल तर ‘आज ऐकते’ एवढे पुरते.

प्रार्थनेविषयी. हे गट कोणत्याही धर्माचे नाहीत, तरी त्यांच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, हे खरे. कोणी तिथे विठोबा मानतो, कोणी येशू, कोणी नुसता तो गट. दारू सोडताना पंढरीची माळ घालणारी माणसे आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांनाही माळेइतकाच आधार दिंडीतल्या बरोबरच्या माणसांचा असतो. ज्यांना देवाची भाषा अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी वर्तणूक-उपचारांवर आधारलेल्या स्मार्ट रिकव्हरीच्या ऑनलाइन बैठका आहेत.

पुरुषांचे प्रमाण जास्त असते हे मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे. काही ठिकाणी फक्त स्त्रियांच्या बैठका होतात, ऑनलाइन तर नक्की. गटाच्या हेल्पलाइनवर तसे स्पष्ट विचारा. स्पॉन्सर स्त्रीच असावी, हा तिथला रूढ संकेत आहे आणि तो तुम्ही कटाक्षाने पाळा. सुरुवातीच्या महिन्यांत बैठकीतल्या एखाद्या सहानुभूतिशील पुरुषाने रात्री उशिरा चहाला बोलावले, तर नाही म्हणा. गटांत बहुतांश माणसे सरळ असतात. पण ती कोणी पारखून घेतलेली नसतात. किशोरवयीन आणि तरुण मुलांच्या अभ्यासांतून असेही दिसले आहे, की गटात आपल्या वयाची माणसे असतील तर मुले तिथे अधिक टिकतात. पन्नाशीच्या गृहस्थांचे मोडलेले संसार ऐकून ‘माझे काही एवढे झालेले नाही’ असे वाटून तुम्ही पहिल्याच आठवड्यात जाणे थांबवण्याची शक्यता आहे. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन मग ठरवा.

मी गोवंडी भागातील शाळेत सातवी-आठवीला शिकवतो. काही मुले रुमालावर सोल्यूशन (नशेसाठी हुंगायचे रसायन) घेऊन हुंगतात. मुख्याध्यापक म्हणतात, दाखला देऊन टाकू. मी काय करावे?
— एक शिक्षक

सर, दाखला दिला की ती मुले दिवसभर सोल्यूशन हुंगायला मोकळी होतात, एवढेच घडेल. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आढळला, की ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा (0.58 टक्के) मुलांमध्ये (1.17 टक्के) अधिक आहे. तो स्वस्त आहे, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि भूक मारतो. तुमच्या वर्गात ही तीनही कारणे हजर असणार.

एक महत्त्वाची खबरदारी : मूल हुंगत असताना दिसले तर ओरडून त्याच्या मागे धावू नका. या वायूंमुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि त्याच क्षणी दचकले किंवा पळाले, तर मूल जागीच कोसळू शकते. शांतपणे रुमाल काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा. नंतर पालकांना बोलवा, पण मुलाच्या देखत आणि सगळ्या वर्गासमोर नव्हे. घरी कोणी नसेल, किंवा मूल रस्त्यावर राहत असेल, तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. मुलांना नशेचा पदार्थ देणाऱ्याला 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मुलांना हे पुरवणारा एखादा मोठा माणूस कोपऱ्यावर असेल, तर पोलिसांकडे जायचे ते त्याच्यासाठी.

या वयाच्या मुलांना मोठ्यांच्या केंद्रात पाठवू नका. दाखल करायची गरज पडलीच, तर अल्पवयीन मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवणे आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने त्याच्यासोबत राहणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत त्याची गरजच पडत नाही. दुपारी खायला मिळणे, शाळा सुटल्यावर दोन तास कबड्डी किंवा तत्सम काही, आणि नाव घेऊन चौकशी करणारा एक शिक्षक, यांनी पुष्कळ मुले मागे फिरतात. तुम्ही ‘मुले’ असे न लिहिता त्यांची संख्या, त्यांच्या घरची स्थिती असे लिहिले असते, तर अधिक नेमके सांगता आले असते. पुन्हा अवश्य लिहा.

मी तेवीस वर्षांचा आहे. दारू आणि गांजा सोडून सात महिने झाले; डॉक्टरांचे औषध, समुपदेशन आणि गटाच्या मीटिंग चालू आहेत. गणपती जवळ आले आहेत. मी आमच्या विभागातल्या ढोल-ताशा पथकात आहे. विसर्जनाच्या रात्री काय होते ते तुम्हांला माहीत असेलच. घरचे म्हणतात, या वर्षी पथक सोड. पथक सोडले तर माझे असे काही उरतच नाही.
— एक वादक, चिंचपोकळी

घरच्यांशी मी पूर्णपणे सहमत नाही. सात महिन्यांत तुमचे जुने मित्र गेले, संध्याकाळी बसण्याची जागा गेली. त्यात ढोलही गेला तर संध्याकाळचा रिकामा वेळ तुम्हांला पुन्हा त्याच कट्ट्यावर नेऊन बसवेल. मात्र पथकात राहणे आणि विसर्जनाची अख्खी रात्र रस्त्यावर काढणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. सरावाला जा, आगमनाला वाजवा. विसर्जनाला दुपारच्या पाळीत नाव द्या आणि किती वाजता ढोल उतरवून घरी निघायचे ते आधीच ठरवा. पथकप्रमुखाला खरे कारण सांगायचे नसेल तर डॉक्टरांचे औषध चालू आहे एवढेच सांगा, ते खोटेही नाही. पाण्याची बाटली स्वतःची ठेवा आणि दुसऱ्याच्या हातातले शीतपेय घेऊ नका, कारण त्या दिवशी त्यात काय मिसळलेले आहे याची खात्री कोणालाच नसते. गटातला एखादा जण तुमच्यासोबत मिरवणुकीत चालायला तयार होतो का, ते या आठवड्यातच विचारा. असे सोबती मिळतात, त्यांनाही त्या रात्री कोणीतरी बरोबर हवेच असते.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन घरी पडून राहू नका. अंग मोडून आलेले असते, झोप झालेली नसते, दहा दिवसांचा गोंगाट एकदम थांबलेला असतो, आणि घसरण्याची वेळ मिरवणुकीपेक्षा तीच अधिक असते. त्या संध्याकाळची मीटिंग आजच ठरवून ठेवा. आणि समजा त्या रात्री प्यायलात, तर पुढच्या गणपतीपर्यंत तोंड लपवून बसू नका. दुसऱ्याच दिवशी तुमच्या समुपदेशकाला आणि स्पॉन्सरला फोन करा.